परत येऊ का, हे ठरवण्याआधी

ताई,

मी सोळा वर्षांची आहे. दहा महिन्यांच्या स्कूल एक्स्चेंजवर परदेशात आलेय, त्याला आता तीन महिने होतील. होस्ट फॅमिली वाईट नाही, पण मी त्यांना नकोशी झालेय असं वाटतं. सुरुवातीला सगळे माझ्याशी खूप बोलायचे. आता जेवताना 'शाळा कशी होती?' एवढंच विचारतात. मी 'छान' म्हणते आणि खोलीत जाते. मागच्या आठवड्यात बाथरूमच्या दारावर 'आंघोळ दहा मिनिटांत आटपावी' अशी चिठ्ठी लावलेली दिसली. ती माझ्यासाठीच असणार. परवा होस्ट मॉम फोनवर कोणाला तरी सांगत होती, 'ती सतत खोलीतच असते.' शाळेत सगळे हसून 'हाय' म्हणतात आणि पुढे जातात. मधल्या सुट्टीत मी लायब्ररीत जाऊन बसते. रोज रात्री आईशी दोन-दोन तास व्हिडिओ कॉल करते, तेवढंच बरं वाटतं, पण कॉल संपला की जास्तच रडू येतं. आई म्हणते, 'ये परत.' बाबा म्हणतात, 'एवढी संधी मिळालीय, नेटाने पूर्ण कर.' इन्स्टाग्रामवर मात्र माझे हसरे फोटो आहेत आणि मैत्रिणी मला 'लकी' म्हणतात. ताई, मी परत येऊ का?

— खोलीतली

प्रिय मुली,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: आत्ता नको. कधीच येऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. मुदतीआधी परतणारी मुलं असतात, काहींसाठी तोच योग्य निर्णय असतो, आणि त्यात नाक कापलं जाण्यासारखं काही नाही. पण तू ज्या कारणांवरून परत यायचं म्हणतेस, त्यातलं एकही कारण तू अजून तपासून पाहिलेलं नाहीस.

तुझं पत्र वाचताना मी आधी एकच गोष्ट शोधत होते. कोणी अंगाला हात लावला का, घाणेरडं बोललं का, जेवायला द्यायची टाळाटाळ केली का, पासपोर्ट किंवा फोन काढून घेतला का, घरात कोणी दारू पिऊन आरडाओरडा करतं का. असं काही पत्रात नाही. लाजेने किंवा भीतीने लिहायचं राहिलं असेल, तर हे उत्तर इथेच बाजूला ठेव आणि आत्ताच्या आत्ता तुझ्या को-ऑर्डिनेटरला, म्हणजे तुला पाठवणाऱ्या संस्थेने तुझ्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला, फोन कर. तिथून हालचाल झाली नाही तर संस्थेच्या आणीबाणीच्या नंबरवर कर. तो नंबर निघताना दिलेल्या कागदपत्रांत असतो. आई-बाबांनाही सांग. अशा वेळी 'बघू, कदाचित माझाच गैरसमज असेल' म्हणत बसायचं नसतं. झोप पूर्ण उडाली असेल, जेवण जात नसेल, किंवा जगावंसंच वाटत नाही असे विचार येत असतील, तरीही हेच कर. तेव्हा डॉक्टर आधी, एक्स्चेंज नंतर.

असं काही नाही असं धरून पुढे लिहिते.

तुझ्याकडे पुरावे तीन आहेत: एक चिठ्ठी, एक अर्धवट ऐकलेलं वाक्य आणि जेवणाच्या टेबलावरचा एक प्रश्न. बाकीचं सगळं तू खोलीत बसून जुळवलेलं आहे. चिठ्ठीचंच बघ ना. चार माणसांच्या घरात पाचवं माणूस आलं की सकाळचं सगळं गणित बदलतं. बाथरूम एक, गरम पाण्याची टाकी एक, सगळ्यांची निघायची वेळ एकच. शेवटी जाणाऱ्याच्या वाट्याला गार पाणी येत असेल, आणि तो शेवटचा माणूस बहुधा चिठ्ठी लिहिणाराच असतो. चिठ्ठीवर तुझं नाव आहे? नसणार, नाही तर तू लिहिलं असतंस. पण समजा, ती तुझ्यासाठीच आहे. मग काय झालं? पाहुण्याला कोणी 'लवकर आटपा' म्हणत नाही, त्याच्यामागे स्वतः गार पाण्याने आंघोळ करतात आणि गप्प बसतात. घरच्या मुलांना मात्र सांगतात. तू त्या घरात दहा महिने राहायला गेली आहेस, तेव्हा कधी ना कधी हे होणारच होतं. उद्या सकाळी सरळ विचार, 'मला आंघोळीला जास्त वेळ लागतो का? कोणत्या वेळी गेले तर सगळ्यांना सोयीचं होईल?' दोन वाक्यांचं काम आहे. त्यासाठी तू आठवडाभर झुरते आहेस.

आता ते फोनवरचं वाक्य. 'ती सतत खोलीतच असते' हे तक्रारीच्या सुरात म्हणता येतं आणि काळजीच्याही. परक्या भाषेत शब्द लवकर कळायला लागतात, सूर कळायला जास्त वेळ लागतो. आणि ती बोलत कोणाशी होती? बऱ्या एक्स्चेंज संस्थांचे को-ऑर्डिनेटर विद्यार्थ्याशी आणि होस्ट फॅमिलीशी वेगवेगळं बोलून चौकशी करत असतात. अमेरिकेत जे-१ या एक्स्चेंजसाठीच्या व्हिसावर येणाऱ्या शाळकरी विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर दर महिन्याला असा संपर्क ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे. पलीकडे को-ऑर्डिनेटर असेल, बहीण असेल, शेजारीण असेल. मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. एवढं मात्र खरं की त्या बाईने जे सांगितलं ते खोटं नव्हतं. तू सतत खोलीतच असतेस.

यावर चिडू नकोस. जरा त्यांच्या बाजूला येऊन बघ. एएफएससारख्या जुन्या एक्स्चेंज संस्थेत बहुतेक यजमान कुटुंबं हौसेने, पैसे न घेता मुलं ठेवून घेतात. मघाशी सांगितलं त्या अमेरिकन योजनेत तर कुटुंबाला मोबदला देताच येत नाही, आणि घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते. म्हणजे कोणाच्या तरी मुलीला वर्षभर घरात ठेवायचं म्हणून ही माणसं अर्ज भरतात, मुलाखती देतात, चौकशीला सामोरी जातात, एक खोली रिकामी करतात. इतकं करून जी मुलगी येते ती जेवण झालं की 'छान' म्हणते, वर जाते आणि दार लावून घेते. दाराआडून दोन तास एका अनोळखी भाषेत बोलण्याचा आवाज येतो, अधूनमधून रडण्याचाही. त्यांनी काय समजायचं? ते समजतात, हिला आपण आवडलो नाही. किंवा, हिला एकटीला राहू द्यावं, उगाच त्रास नको द्यायला. म्हणून टेबलावरचे प्रश्न कमी होत होत एकावर आले. तू त्याचा अर्थ लावलास की मी नकोशी झाले. दोन्ही बाजूंनी भिडेपोटी गप्प बसायचं आणि दोन्ही बाजूंनी दुखावून घ्यायचं, असं तुमचं चाललंय.

हे थांबवायला कोणी तरी आधी बोलायला हवं, आणि माझं मत विचारशील तर ते तू बोलावंस. ते मोठे आहेत, त्यांनी पुढाकार घ्यायला हवा होता, हे कबूल. पण तुझ्या मनात काय चाललंय हे फक्त तुला ठाऊक आहे. समोरासमोर बसून 'मला काही तरी बोलायचंय' अशी प्रस्तावना करू नकोस. त्याने सगळेच अवघडतात. जेवणानंतर भांडी आवरताना होस्ट मॉमच्या शेजारी उभी राहा, हातात पुसायचं फडकं घे आणि ताटाकडे बघत बोल. हात कामात असले की जीभ सैल होते आणि डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. वाक्यं आधी त्यांच्या भाषेत लिहून पाठ कर. साधारण असं म्हण: 'मी खोलीत असते कारण मला घरची फार आठवण येते. तुमच्यावर राग म्हणून नाही. मला तुमच्यात बसायला आवडेल, पण काय बोलावं ते सुचत नाही. संध्याकाळी मला एखादं काम सांगाल का?' मध्येच रडू आलं तर येऊ दे.

काम मागायला सांगतेय त्याला कारण आहे. गप्पांमध्ये तू कमी पडतेस, कारण तुला भाषा पुस्तकातली येते आणि त्यांचे विनोद, टोमणे, आडून बोलणं डोक्यावरून जातं. कामात कमी पडणार नाहीस. कुत्र्याला फिरवून आण, धाकट्या मुलाचं गणित घे, कचऱ्याचे डबे बाहेर ठेव, घड्या घाल. पोरांना गणित शिकवताना आठवड्याभरात जेवढी भाषा येते तेवढी जेवणाच्या टेबलावर महिनाभरातही येत नाही, कारण लहान मुलं 'काय म्हणालीस?' असं बिनदिक्कत विचारतात आणि तुझ्या चुका तोंडावर दुरुस्त करतात.

आणि हो, ते 'छान'. हा शब्द काही दिवस बंदच कर. 'शाळा कशी होती?' या प्रश्नावर एक घडलेली गोष्ट सांग. 'आज प्रयोगशाळेत माझ्या जोडीदाराने द्रावण सांडलं आणि मला त्याला काय म्हणायचं तेच सुचेना.' लगेच कोणी तरी सांगेल की अशा वेळी काय म्हणतात, दुसरा हसेल, तिसरा स्वतःचा किस्सा सांगेल. दिवसभरात अशी एक गोष्ट हेरून ठेवायची. एक पुरे.

आता तुला न आवडणारा भाग. आईचा कॉल.

तू लिहितेस की तेवढंच बरं वाटतं, आणि पुढच्याच वाक्यात लिहितेस की कॉल संपला की जास्त रडू येतं. दोन्ही खरंच आहे. पण तो कॉल कोणत्या वेळी होतो बघ. घरातली माणसं दिवसभरातून एकत्र येतात तेच ते दोन तास. कोणी टीव्ही लावतं, कोणी पत्ते काढतं, कोणी उगाच सोफ्यावर लोळतं. होस्ट फॅमिलीशी नातं जुळायचं असेल तर त्याच वेळात जुळणार आणि त्याच वेळात तू तिथे नसतेस. शिवाय दिवसभर परकी भाषा कानावर पडून रात्रीपर्यंत तुझं डोकं पार शिणलेलं असतं. भाषा समजून घेण्याचा थकवा खराखुरा असतो. कित्येक मुलांना सुरुवातीचे महिने दुपारनंतर डोकेदुखीच होते. म्हणजे तू रोज दिवसातल्या सगळ्यात वाईट घटकेला आईसमोर येतेस. आईला रोज तीच घटका दिसते. दुपारी चित्रकलेच्या तासाला तुझं चित्र कोणी वाकून पाहिलं, ते तिच्यापर्यंत पोचतच नाही. तिची खात्री पटत जाते की पोरगी चोवीस तास अशीच आहे, ती घाबरते, 'ये परत' म्हणते, आणि तिची भीती फोनमधून परत तुझ्याकडे येते. यात चूक ना तुझी ना तिची. वेळ चुकीची आहे.

कॉल तोडून टाक असं मी म्हणत नाही. काही संस्था सुरुवातीचे आठवडे घरी बोलूच नका म्हणतात, ते मला अघोरी वाटतं. तू आठवड्यातून दोन वेळा ठरव. शनिवार-रविवारची सकाळ असेल तर उत्तम, कारण तेव्हा तुझी झोप झालेली असते. अर्धा-पाऊण तास पुरे. मधल्या दिवसांत एखादा फोटो, चार ओळींचा मेसेज. हे आईला आधी समजावून सांग आणि मग कर, नाही तर ती तिकडे रात्र-रात्र जागी राहील.

फोटोंबद्दल फार बोलत नाही. हसरे फोटो टाकलेस म्हणून तू खोटारडी ठरत नाहीस, सगळेच तसं करतात. पण एका तरी मैत्रिणीला खरं सांग.

आता तू विचारलेलं नाहीस, पण तुला कोणी ना कोणी सांगितलंच असेल अशी एक गोष्ट: 'तिसऱ्या महिन्यात असंच होतं, सहाव्या महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं.' तयारीच्या शिबिरांत फळ्यावर इंग्रजी 'यू'च्या आकाराची रेघ काढून दाखवतात, आधी आनंद, मग खड्डा, मग पुन्हा वर. ही कल्पना स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाच्या १९५५ च्या अभ्यासातून आली. त्याने फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन लोकांशी बोलून पाहिलं, तेव्हा सहा महिन्यांहून कमी आणि अठरा महिन्यांहून जास्त राहिलेले लोक बरे रुळले होते, आणि मधल्या काळाएवढे राहिलेल्यांना सगळ्यात जड गेलं होतं. लक्षात घे, ही मोठी, शिकलेली माणसं होती आणि तो काळ टपालाचा होता. पुढे १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची पोचल्यापासून वर्षभर वेळोवेळी पाहणी केली, तर सगळ्यात जास्त त्रास पोचल्या-पोचल्याच होता. आनंदाचा पहिला टप्पा दिसलाच नाही. तेव्हा फळ्यावरची रेघ तुला लागू पडेल असं वचन मी देणार नाही. नुसते दिवस काढून हे सुटेल, असं धरून चालू नकोस.

शाळेत तर नुसते दिवस काढून काहीच होत नाही. पहिल्या पंधरवड्यात तू नवलाई होतीस, म्हणून सगळे भोवती जमले. नवलाई ओसरली. तुझ्या वर्गातली बहुतेक मुलं एकमेकांना लहानपणापासून ओळखतात, त्यांचे कंपू ठरलेले आहेत, आणि तू उन्हाळ्यात निघून जाणार हे त्यांना माहीत आहे. ते दुष्ट नाहीत, त्यांना तुझी गरज नाही इतकंच. म्हणून जिथे तुझी गरज पडेल तिथे जा. नाटकाच्या तालमीत पडद्यामागचं काम करायला कायम माणसं कमी असतात. पडदा ओढायला, सामान हलवायला, रंग द्यायला भाषा लागत नाही. वाद्यवृंद, गायनाचा गट, बुद्धिबळ, वार्षिक अंकाची मांडणी, लांब पल्ल्याच्या धावण्याचा संघ, यांतही नव्या माणसाला सहसा नाही म्हणत नाहीत. एकच निवड, आणि अशीच निवड जी आठवड्यातून दोन-तीनदा शाळा सुटल्यावर भरते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी उशिरापर्यंत थांबून सगळे वैतागलेले असताना जी ओळख होते, ती मधल्या सुट्टीतल्या शंभर 'हाय'मधून होत नाही. शाळेत परदेशातून आलेलं आणखी कोणी असेल तर त्यालाही गाठ. मात्र दिवसभर त्याच्याबरोबरच राहू नकोस, नाही तर तुम्ही दोघं मिळून लायब्ररीत बसाल.

हे सगळं चार ते सहा आठवडे मनापासून कर. तारीख वहीत लिहून ठेव. तोवर 'जाऊ की राहू' हा प्रश्न रात्री उघडायचा नाही. रात्री त्याचं उत्तर नेहमी एकच येतं.

त्याच वेळी को-ऑर्डिनेटरला भेट आणि मला जे लिहिलंस ते सगळं तिला सांग, चिठ्ठीसकट. मुलं यात एक घोळ घालतात. को-ऑर्डिनेटरला सांगणं म्हणजे होस्ट फॅमिलीची चहाडी करणं, असं त्यांना वाटतं. ती व्यक्ती याच कामासाठी नेमलेली असते. बोलून, प्रयत्न करूनही घरात सूर जुळलेच नाहीत तर कुटुंब बदलून मागता येतं. त्याने कोणाचा अपमान होत नाही. रोटरीच्या वर्षभराच्या एक्स्चेंजमध्ये तर एकापेक्षा जास्त कुटुंबांकडे राहायचं, हे बहुधा आधीच ठरलेलं असतं. चांगल्या माणसांचंही एकमेकांशी जमत नाही, असं होतं. परत जाणं आणि याच घरात कुढत राहणं, यांच्यामध्ये हा तिसरा रस्ता आहे, आणि तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

हे सगळं करून झालं, घर बदलून झालं, आणि तरीही तुला वाटलं की नाही, मला जायचंय, तर दिवसाउजेडी ठरवून, आई-बाबा आणि संस्थेशी बोलून, व्यवस्थित निरोप घेऊन ये. त्याआधी दोन्ही शाळांना लेखी विचार की तिथे झालेला अभ्यास इथे कितपत धरला जाईल आणि कोणत्या वर्गात बसावं लागेल. ते न विचारता निघालेली मुलं पुढे फार चडफडतात.

आता दोन शब्द तुझ्या आई-बाबांसाठी. हे त्यांना वाचून दाखव.

आई, 'ये परत' हे तुम्ही प्रेमाने म्हणता, पण तिला ते 'तुला जमणार नाही' असं ऐकू येऊ शकतं. पुढच्या कॉलला तिला कसं वाटतंय हे विचारण्याआधी आज काय केलं ते विचारा. होस्ट मॉमला दोन ओळींचा ईमेल पाठवा, मुलीला सांभाळताय त्याबद्दल आभार माना आणि तिला घरचं माणूस समजून कामं सांगा म्हणून कळवा. कित्येक होस्ट फॅमिलींना मुलांच्या आई-वडिलांकडून वर्षभरात एक ओळही येत नाही.

बाबा, 'संधी' हा शब्द सध्या बाजूला ठेवा. तिला संधी कळते, म्हणून तर ती तीन महिने गप्प राहिली. 'नेटाने पूर्ण कर' म्हटल्यावर मुलं खरी अडचण सांगायची बंद होतात, आणि दूरच्या देशात असलेल्या मुलीने अडचण लपवणं तुम्हाला परवडणारं नाही. तिला एवढंच सांगा की ती कधीही परत आली तरी तुम्ही पैशाचा विषय काढणार नाही. मग तो खरंच काढू नका.

आणि तू, उद्या सकाळी आधी त्या चिठ्ठीबद्दल विचार. को-ऑर्डिनेटरला फोन त्यानंतर.

— ताई